कॉन्झर्वेटरीचा अर्ज भरताय? या चुका टाळा

"ट्रिनिटीची आठवी ग्रेड डिस्टिंक्शनमध्ये झालीये, आता ओबर्लिनला अर्ज टाकू म्हणतोय." सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतल्या कॉन्झर्वेटरींसाठी, म्हणजे ऑडिशन घेऊन प्रवेश देणाऱ्या संगीत महाविद्यालयांसाठी, पालकांचे असे फोन सुरू होतात. ट्रिनिटी या लंडनच्या परीक्षा मंडळाच्या ग्रेडला मी कमी लेखत नाही, त्यामागे मुलांची मेहनत असते. पण ग्रेड म्हणजे ऑडिशनची तयारी नव्हे. पियानोसाठी साधारणपणे बाखचं एक प्रिल्यूड आणि फ्यूग, एक अभिजात सोनाटा आणि रोमँटिक काळातली एखादी मोठी रचना लागते, तीही बहुतेक पाठ. एवढं सगळं बोटांत मुरायला वर्ष-दीड वर्ष जातं. अकरावीच्या सुरुवातीला रचना ठरवल्या तर बारावीत अर्ज करायला अर्थ आहे. सप्टेंबरमध्ये नवा सोनाटा उघडून डिसेंबरमध्ये तो पाठवणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, एक वर्ष थांबा. कुणाला ते पटत नाही, पण माझं मत बदललेलं नाही.

आता माझा सगळ्यात जुना राग. प्रीस्क्रीनचा, म्हणजे ऑडिशनला बोलवायचं की नाही हे ठरवणारा व्हिडिओ कापून जोडू नका. एका विद्यार्थिनीने बीथोव्हेनच्या 'पॅथेटिक' सोनाटाचा पहिला भाग फार चांगला बसवला होता. रेकॉर्डिंग एका स्टुडिओत झालं. तिथल्या माणसाने उत्साहाने दोन टेक, म्हणजे दोनदा केलेली रेकॉर्डिंग, जोडले, कारण पहिल्या टेकमध्ये डेव्हलपमेंटच्या, म्हणजे मधल्या विस्ताराच्या, मध्यावर डाव्या हाताच्या ट्रेमोलोत (दोन स्वरांच्या झपाट्याने होणाऱ्या आवर्तनात) दोन सूर निसटले होते. जोड नेमका तिथे घातला होता जिथे सुरुवातीचा 'ग्रेव्ह' नावाचा संथ तुकडा परत येतो. तिथे क्षणभर विराम असतो, म्हणून कुणाला कळणार नाही असं त्याला वाटलं. पण आधीच्या स्वराची आस मध्येच तुटली होती आणि खिडकीचं ऊन पियानोच्या झाकणावरून एकदम बाकावर आलं होतं. वर रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, इतका ओतलेला की पेडल कधी उचललं तेच कळेना. मी तो व्हिडिओ पाहिला तेव्हा अर्ज जाऊन आठवडा झाला होता. ऑडिशनचं बोलावणं आलं नाही. तिच्या फोनमध्ये तोच भाग सलग वाजवलेला पडून होता, निसटलेल्या दोन सुरांसकट, आणि त्यात तिचं खरं वाजवणं ऐकू येत होतं. त्या दोन सुरांसाठी कुणी नाकारत नाही. ऐकणाऱ्या प्राध्यापकांना पुढची चार-पाच वर्षं या मुलीला शिकवायचं असतं. हात कसे पडतात, चूक झाल्यावर ती सावरते कशी, हेच त्यांना पाहायचं असतं.

माझ्याकडची मुलं जुलैपासून दर रविवारी एकच टेक घेतात. फोन स्टँडवर, उजव्या बाजूने, दोन्ही हात आणि चेहरा दिसेल असा. दोन रचनांच्या मध्ये थांबलं तर चालतं, एका भागाच्या आत थांबायचं नाही. पाठवायच्या रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी ट्यूनर बोलवायचा, कारण मुंबई-कोकणच्या दमट हवेत पियानो सुरात राहत नाही. डिजिटल पियानोवर केलेलं रेकॉर्डिंग मी पाठवू देत नाही.

दुसरी मोठी चूक अशी, की अर्ज नेमका कशाला करतोय हेच न बघणं. ओहायोतल्या ओबर्लिनमध्ये कॉलेज १८३३ पासून आहे आणि कॉन्झर्वेटरी १८६५ पासून. संगीताची आणि कॉलेजमधल्या विषयाची अशा दोन्ही पदव्या हव्या असतील तर कार्यक्रम पाच वर्षांचा आहे आणि प्रवेश दोन्हीकडे स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. एकीकडे होकार, दुसरीकडे नकार असंही होतं. विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटनच्या लॉरेन्समध्येही दोन पदव्यांना पाच वर्षं लागतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजची कॉन्झर्वेटरी २००५ ची, आणि तिची मांडणीच दोन पदव्यांची आहे: एक संगीतातली, दुसरी संगीताबाहेरच्या विषयातली. हे माहीत नसलेली मुलं दोन्हीकडे एकच निबंध पाठवतात, 'संगीत माझा श्वास आहे' छापाचा. कॉलेजच्या बाजूने वाचणाऱ्याला तुमचा श्वास नको असतो. इतिहास, जीवशास्त्र, अर्थशास्त्र यांपैकी तुम्हाला कशाने अस्वस्थ केलं, ते त्याला हवं असतं. माझी एक विद्यार्थिनी व्हायोलिन वाजवायची आणि तिने निबंध लिहिला गावच्या विहिरींच्या पाणीपातळीवर, आजोबांच्या वहीतल्या नोंदींवरून. व्हायोलिनचा त्यात उल्लेखही नव्हता. तो निबंध मी अजून नव्या मुलांना वाचायला देते. सल्लागाराकडून निबंध लिहून घेणाऱ्यांना मी मदत करत नाही.

तबला किंवा हिंदुस्तानी गायन शिकलेल्यांनी ऑडिशनच्या मागे लागू नये. या संस्थांच्या ऑडिशन मुख्यत्वे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या आणि जॅझच्या असतात. ऑडिशनशिवाय बी.ए.ला प्रवेश घेऊनही संगीत शिकता येतं.

शिफारसपत्र शिकवणाऱ्याकडूनच घ्या, ओळखीच्या मोठ्या नावाकडून नको.

प्राध्यापकांना ईमेल करायचा असेल तर एकदाच करा. तुमची रचनांची यादी द्या आणि एक ट्रायल लेसन मिळेल का ते विचारा.

पैशांचं बोलणं घरात आधी उरका. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ओबर्लिन प्रवेश ठरवताना आर्थिक गरजही पाहतं. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे आर्थिक मदतीसाठीचा ऑनलाइन अर्ज, भरायला आईवडिलांची कागदपत्रं लागतात आणि ती एका संध्याकाळी जमत नाहीत.

आणि तारखा. कॉन्झर्वेटरीची मुदत बहुधा कॉलेजच्या आधी संपते, तेव्हा दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा. हिवाळ्यात ओहायो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणजे तिथली मध्यरात्र आपली सकाळची साडेदहा. म्हणून काही जण शेवटच्या सकाळी व्हिडिओ चढवायला बसतात आणि फाइल नव्वद टक्क्यांवर अडकते. आमच्याकडे व्हिडिओ चार दिवस आधी चढतो आणि चढल्यावर हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला जातो, कारण आवाज एकाच कानात गेल्याचं नंतर कळून उपयोग नसतो.