ब्रिटिश पूर्वज शोधताना वर्गणी सगळ्यात शेवटी

आधी माणूस नेमका कुठला ते ठरवा. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंदणी १८३७ पासून आहे, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून. स्कॉटलंडचे दस्तऐवज ‘स्कॉटलंड्सपीपल’ या अधिकृत साइटवर मिळतात. तिथे वर्षाची वर्गणी नाही, पाहाल त्या पानाचे पैसे.

इंग्लंड-वेल्ससाठी सुरुवात ‘फ्रीबीएमडी’ या साइटवर करा, तिथे सरकारी नोंदणीची जुनी सूची फुकट शोधता येते. पण स्मिथ किंवा जोन्ससारखं सर्रास आढळणारं आडनाव असेल तर तिथे हमखास अडकाल, कारण त्या जुन्या सूचीत बाळाच्या आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या उत्तरार्धापासूनच दिसतं. अशा वेळी जनरल रजिस्टर ऑफिसची, म्हणजे तिथल्या सरकारी नोंदणी कार्यालयाची, ऑनलाइन सूची उघडा. तिच्यात ते आडनाव थेट १८३७ पासून दिलेलं आहे आणि शोधायला पैसे पडत नाहीत, फक्त खातं काढावं लागतं. एकाच नावाची चार बाळं वेगळी काढायला याहून चांगली युक्ती नाही.

‘अ‍ॅन्सेस्ट्री’ किंवा ‘फाइंडमायपास्ट’ या वंशावळीच्या साइटची वर्गणी भरण्याआधी हवी ती नोंद त्यांच्याकडे आहे का ते बघा. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना कुणाकडेच नाही, ती १९४२ मध्ये आगीत गेली! लोकांनी चढवलेल्या वंशवृक्षांवर मात्र मूळ पानाचं चित्र पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

पूर्वज मुंबई इलाख्यात नोकरीला असेल तर ‘फिबिस’ (फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी) या संस्थेचा मोफत डेटाबेस आधी चाळा.