प्रतल किती कप्प्यांतून जातं? कागदावर मोजून बघा

बारावीत प्रतलाचं, म्हणजे अवकाशात सगळीकडे पसरलेल्या सपाट पृष्ठाचं, समीकरण मांडता येतं, पण ते अवकाशात कुठून कुठे जातं असं विचारलं की गाडी अडते. त्यासाठी थ्रीडी चित्र काढता यायलाच हवं असं नाही. सपाट कागद पुरतो.

आधी खोलीचा जमिनीलगतचा एक कोपरा बघा. जमीन आणि दोन भिंती जिथे भेटतात तो आरंभबिंदू. भिंतींच्या पायाशी क्ष आणि य अक्ष, कोपऱ्यातून सरळ वर झ अक्ष. जमीन आणि भिंती पलीकडे वाढवल्या की कोपऱ्याभोवती आठ कप्पे होतात : चार वर, चार जमिनीखाली. प्रत्येक कप्प्याची ओळख म्हणजे क्ष, य, झ यांची चिन्हं.

आता २क्ष + ३य + ४झ = १२ घ्या. दोन-दोन चलं शून्य धरली की अक्षांवरचे छेद मिळतात : ६, ४ आणि ३. हे तीन बिंदू जोडले की त्रिकोण. पुस्तकातली आकृती बहुधा इथेच थांबते आणि प्रतल म्हणजे तो त्रिकोणच, असं डोक्यात बसतं. प्रतलाला कडा नसते. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू दोन्हीकडे लांबवा. प्रतल जमिनीला आणि भिंतींना छेदतं ते याच रेषांवर.

हे प्रतल उचलून टेबलावर ठेवलंय असं समजा, म्हणजेच कागदावर एकमेकींना छेदणाऱ्या तीन रेषा काढा. आत त्रिकोण, बाजूंपलीकडे तीन भाग, शिरोबिंदूंपलीकडे तीन. एकूण सात, म्हणून कप्पेही सात. त्रिकोणात (+, +, +). जमिनीवरची रेषा ओलांडली की फक्त झ ऋण. क्ष अक्षावरच्या शिरोबिंदूपलीकडे य आणि झ दोन्ही ऋण. राहिला (−, −, −). तिथे डावी बाजू ऋणच, ती १२ कशी होणार? (−, −, +) बद्दल शंका असेल तर क्ष = −३, य = −२ ठेवा, झ = ६ येतो.

तीन रेषा कागदाचे सातहून जास्त भाग करूच शकत नाहीत. त्यामुळे आठही कप्प्यांतून जाणारं प्रतल नसतं.

बाकीचे प्रकार पटकन उरकतात. क्ष + य + झ = ० मध्ये तिन्ही रेषा आरंभबिंदूत मिळतात : सहा. २क्ष + ३य = ६ मध्ये झ नाही, म्हणून दोन रेषा समांतर, तिसरी त्यांना छेदणारी : पुन्हा सहा. क्ष = २ ला दोनच रेषा : चार. क्ष = य थोडं फसवं आहे. दोन्ही भिंतींशी छेद झ अक्षावरच होतो, म्हणून इथेही चारच कप्पे. पण ती रेषा ओलांडताना दोन चिन्हं एकदम बदलतात. क्ष = ० ही तर भिंतच, ती कुठल्याच कप्प्यात शिरत नाही.

सरावाला २क्ष − ३य + ४झ = १२ घ्या. सुटणारा कप्पा (−, +, −) यायला हवा. मग हवं तर जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरच्या थ्रीडी कॅल्क्युलेटरमध्ये प्रतल फिरवून पडताळा. आधी मोजा, मग फिरवा.