स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालंय? निर्णय घेताना या चुका टाळा

"गाठ आहे ना, मग उद्याच काढून टाका." निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक घरात हे कुणीतरी म्हणतंच. भीती मला समजते. पण तपासण्या पूर्ण व्हायला दोन-तीन आठवडे गेले, तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. स्तन अचानक लाल होऊन सुजतो तो प्रकार मात्र वेगळा, तिथे एकही दिवस घालवू नका.

माझ्या मावसबहिणीची गाठ तीन सेंटिमीटरची होती आणि काखेतही एक गाठ हाताला लागत होती. सुईच्या बायोप्सीत ईआर, पीआर (गाठ स्त्री-हार्मोनवर वाढते का, हे सांगणाऱ्या खुणा) निगेटिव्ह आले आणि हर-टू (गाठ वेगाने वाढवणारं प्रथिन) यासमोर लिहिलं होतं '२+'. घरात ठरलं, दोनच प्लस आहे, म्हणजे थोडंसंच असेल. २+ चा अर्थ थोडंसं असा नाही. त्याचा अर्थ 'अजून ठरत नाही', आणि ते ठरवायला फिश नावाची, हर-टूचं जनुक बघणारी तपासणी लागते. ती सांगितलेलीही होती, पण आम्ही थांबलो नाही. चौथ्या दिवशी ऑपरेशन उरकलं. फिशचा रिपोर्ट नंतर आला, पॉझिटिव्ह.

अशा हर-टू पॉझिटिव्ह गाठीला सहसा आधी केमो आणि हर-टूला रोखणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध देतात, ऑपरेशन त्यानंतर. औषधाने गाठ किती विरघळली, यावर पुढचं औषध ठरतं. काही उरली असेल तर टी-डीएम१ सारखं दुसरं औषध देता येतं. आमच्या हातात गाठच उरली नव्हती, मग औषध लागू पडतंय का हे बघणार कशावर? बहीण आज बरी आहे. पण तो मार्ग आम्ही घाईने बंद केला, हे मला अजून सलतं.

तेव्हापासून कुणीही विचारायला आलं की मी एका कागदावर चार शब्द लिहून देते: ईआर, पीआर, हर-टू, काख (तिथे आजार पोचलाय का). चारही शब्दांसमोर स्पष्ट उत्तर आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घ्यायची नाही. आणि डॉक्टरांना विचारायचं, "आधी ऑपरेशन की आधी औषध, आणि का?" 'का'चं उत्तर मिळालं नाही, तर दुसरं मत घ्या. जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या.

दुसरी चूक म्हणजे 'पूर्ण स्तन काढला की जास्त सुरक्षित' हा समज. मिलानमध्ये आणि अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले. पूर्ण स्तन काढलेल्या आणि स्तन वाचवलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही. गाठी अनेक ठिकाणी असतील तर पूर्ण स्तन काढावा लागू शकतो, आणि एखादीला स्वतःलाच तसं हवं असेल तर तो तिचा निर्णय. तो तिने माहिती घेऊन करावा, नातेवाइकांच्या दडपणाने नको.

स्तन वाचवल्यावर "गाठ तर गेली" म्हणून रेडिएशन टाळणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. त्याच अमेरिकन चाचणीत रेडिएशन न घेतलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के स्त्रियांना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली. घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४ टक्के होतं. काही वयस्कर स्त्रियांना डॉक्टर स्वतःच रेडिएशन नको म्हणतात, ती गोष्ट निराळी.

ग्रेड ३ वाचून स्टेज ३ समजू नका. पेशी कितपत बिघडलेल्या दिसतात ते ग्रेड सांगतो, आजार कुठवर गेलाय ते स्टेज.

पुढे मूल हवं असेल तर केमोच्या आधी बोला. नंतर उशीर झालेला असू शकतो.

जनुकीय तपासणी करायची असेल तर तीही ऑपरेशनच्या आधी विचारा, कारण बीआरसीए या जनुकात कर्करोगाचा धोका वाढवणारा दोष निघाला तर ऑपरेशनचा बेतच बदलू शकतो.

काढा, चूर्ण, काहीही चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

आणि टॅमोक्सिफेन. हार्मोनवर वाढणाऱ्या (ईआर, पीआर पॉझिटिव्ह) कर्करोगात किमान पाच वर्षं घ्यायची ही गोळी कित्येक जणी दुसऱ्याच वर्षी गुपचूप बंद करतात. अंगातून वाफा येतात, झोप लागत नाही, हे सगळं खरं आहे. ते डॉक्टरांना सांगा. त्रासावर उपाय असतात, कधी गोळीही बदलून मिळते.