लग्नसराईआधी चेहऱ्याच्या उपचारांचं वेळापत्रक कसं आखावं

दादरला माझा त्वचारोगाचा दवाखाना आहे. पाऊस सुरू झाला की तिथे नवऱ्यामुलींच्या आधी त्यांच्या आया यायला लागतात. तुळशीचं लग्न झालं की घरात कार्य असतं आणि ऑपरेशन न करता चेहरा जरा टवटवीत दिसावा, एवढीच इच्छा असते. बोटॉक्स (आठ्या पाडणारे स्नायू सैल करणारं इंजेक्शन), फिलर (बसलेला भाग भरून काढणारं इंजेक्शन), पील (त्वचेचा वरचा थर सोलणारं रसायन), लेझर ही नावं सगळ्यांनी ऐकलेली असतात. कोणतं आधी, कोणतं नंतर आणि मध्ये किती दिवस सोडायचे, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. चेहरा कसा दिसणार हे पुष्कळसं त्या क्रमावरच ठरतं.

सुरुवात चेहरा नीट बघण्यापासून करा. सकाळच्या उजेडात, खिडकीशी, तोंड धुऊन, ताठ बसून बघा. आडवं झालं की गाल मागे सरकतात आणि चेहरा आहे त्यापेक्षा तरुण दिसतो, म्हणून मी तपासणीसुद्धा बसवूनच करते. आधी रंग बघा: गालांवर वांग आहे का, ओठांभोवती काळपटपणा आहे का. मग कपाळाला आठ्या घाला, डोळे बारीक करून हसा. हालचालीबरोबर येणारी आणि थांबताच जाणारी रेघ स्नायूची असते. शेवटी गाल बसलेत का, डोळ्यांखाली खोबण पडली आहे का, ते बघा.

आपल्या त्वचेत रंगद्रव्य जास्त, त्यामुळे सुरकुत्या गोऱ्या कातडीपेक्षा उशिरा येतात, डाग मात्र लवकर आणि हट्टी येतात. पन्नाशीच्या बहुतेक बायकांचा चेहरा सुरकुत्यांमुळे नाही, डागांमुळे थकलेला दिसतो. म्हणून मी आग्रहाने सांगते, पहिला पैसा आणि पहिले महिने रंगावर खर्च करा.

त्याआधी एक अडथळा. केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेलं गोरेपणाचं मलम तुम्ही महिनोन्‌महिने लावत असाल, तर ती ट्यूब पिशवीत टाकून सोबत आणा. अशा मलमांत अनेकदा स्टेरॉइड असतं. त्याने आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, बारीक लव वाढते, उन्हात आग होते. अशा त्वचेवर पील किंवा लेझर केलं तर डाग आणखी गडद होतात. ती आधी बरी करावी लागते आणि त्याला काही महिने लागतात. मलम स्वतःहून एकदम बंदही करू नका, त्याने चेहरा भडकतो.

आता वेळापत्रक. समजा, डोंबिवलीच्या एक शिक्षिका, वय बावन्न, मुलीचं लग्न डिसेंबरच्या मध्यावर. गालांवर वांग, कपाळाला आठ्या, गाल थोडे बसलेले.

जूनमध्ये फक्त तयारी. सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढं, ढग असले तरी, आणि बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या, कारण वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो. पार्लरमधलं ब्लीच बंद. रात्रीचं औषध डॉक्टरांनी दिलेलं.

जुलै ते सप्टेंबर सौम्य पील, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. पावसाळ्यात ऊन कमी, म्हणून हा काळ मला आवडतो. पीलच्या आधी पाच-सात दिवस रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन (रात्री लावायची अ-जीवनसत्त्वाच्या जातीची क्रीम) थांबवायचं. गौरी-गणपतीच्या धावपळीत पील नको; आधीचं किमान दहा दिवस अगोदर उरका. वांग असताना जोरदार लेझरचा हट्ट धरू नका. उष्णतेने तो उसळतो. दिवाळीच्या फराळाच्या कढईसमोर तासन्‌तास उभं राहिल्यावरही तो वाढलेला मी बघते.

त्वचा घट्ट करणारं मायक्रोनीडलिंग आरएफ (बारीक सुयांतून रेडिओलहरींची उष्णता) किंवा हायफू (अल्ट्रासाउंडची उष्णता) करायचंच असेल, तर ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, आणि पीलपासून चार आठवडे सोडून. त्याचं काम नवीन कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार होण्यावर अवलंबून असतं, त्याला दोन-तीन महिने लागतात. उष्णतेचे उपचार फिलरच्या आधी संपवायचे, हा माझा नियम.

ऑक्टोबरच्या मध्यावर बोटॉक्स. परिणाम तीन ते पाच दिवसांत दिसायला लागतो, पूर्ण व्हायला दोन आठवडे. तीन-चार महिने टिकतो, म्हणजे लग्नाच्या दिवशी तो भरात असतो. दोन आठवड्यांनी परत या. एक भुवई किंचित वर गेली असेल तर तेव्हाच कळतं आणि एखाद-दोन युनिटमध्ये ती समान करता येते. पहिल्या वेळी मी मुद्दाम कमी डोस देते, वाढवणं सोपं असतं. किती युनिट दिली आणि कोणत्या ब्रँडची, हे लिहून घ्या. एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याच्या बरोबरीचं नसतं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार) असलेल्यांनी हे घेऊ नये.

स्नायू सैल झाल्यावरच कुठे भराव लागतो ते खरं कळतं, म्हणून फिलर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. सूज किंवा काळं-निळं झालं तर ते जायला पुरेसा वेळ हातात राहतो. दातांचं काम किंवा लस यांच्यापासून दोन आठवडे लांब ठेवा. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक गोळीही चुकवू नका. काळा-निळा डाग परवडला.

लग्नाआधीच्या महिन्यात नवीन काहीही नको. नवी क्रीम नाही, पील नाही, मैत्रिणीने सुचवलेलं फेशियल नाही. हळदीला उटणं लागणार, त्यात काय काय मिसळलंय कुणाला माहीत, तेव्हा त्वचा आधीच सोललेली नसावी.

पॅकेजच्या सवलतीला भुलू नका. एका वेळी एका टप्प्याचेच पैसे द्या. डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच कसला? बाटली आणि सिरिंज तुमच्यासमोर उघडली जावी, बॅच नंबरचा स्टिकर तुमच्या फायलीत लागावा. आणि फिलर घेण्याआधी विचारा: तो विरघळवणारं हायल्युरोनिडेज इथे आत्ता आहे का? नसेल तर उठा.

हे विचारण्याचं कारण आहे. क्वचित फिलर रक्तवाहिनीत अडकतो. कातडी पांढरी पडते किंवा जाळीसारखे निळसर डाग येतात, वेदना वाढत जाते. दिसायला त्रास झाला तर ती अतितातडीची गोष्ट. अशा वेळी तासातासाने फरक पडतो, लगेच फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. म्हणून गावाला निघायच्या आदल्या दिवशी फिलर कधीच घेऊ नका, आणि पुढचे दोन दिवस डॉक्टरही मुंबईत आहेत ना, हे तारीख ठरवतानाच विचारून घ्या.