त्स्वीबेलरोस्टब्राटन: पाच मिनिटांचं मांस, पाऊण तासाचा कांदा

मी निफाड तालुक्यातला. घराच्या मागे कांद्याची चाळ, वडील पहाटे ट्रॅक्टर जोडून लासलगावच्या मार्केटला निघणार, आणि जेवताना बुक्कीने फोडलेला कांदा ताटात नसेल तर जेवण झालं असं कुणी मानायचं नाही. अशा माणसाला कांदा परतायला जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या एका ऐंशीच्या आजींनी शिकवलं, हे गावात मी अजून सांगितलेलं नाही.

आजी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. ओळख झाली ती भांडणातूनच. या भागात ‘केअरवोखे’ नावाचा प्रकार आहे: इमारतीचा जिना झाडण्यापुसण्याची आठवड्याची पाळी, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. मी पहिले तीन आठवडे ती पाटी शोभेची समजून तशीच ठेवली. चौथ्या आठवड्यात आजी बादली घेऊनच दारात उभ्या. दोन हिवाळे मी जिना नीट पुसला, तेव्हा कुठे एका रविवारी जेवायला बोलावणं आलं. ताटात होता त्स्वीबेलरोस्टब्राटन. त्स्वीबेल म्हणजे कांदा. मोठ्या आचेवर भाजलेला मांसाचा काप, त्यावर कांद्याचा डोंगर, खाली वाइनचा रस्सा आणि बाजूला श्पेत्सले, म्हणजे अंड्याच्या पिठाच्या बोटभर शेवया. श्वाबियातल्या, म्हणजे स्टुटगार्टभोवतीच्या मुलखातल्या, जवळपास प्रत्येक खानावळीत हा मिळतो. व्हिएन्नावालेही तो आपलाच म्हणतात, आणि त्यांच्याकडे लसूण घातलेल्या रोस्टब्राटनला ‘व्हॅनिला रोस्टब्राटन’ म्हणतात, कारण लसूण म्हणजे गरिबाचा व्हॅनिला. व्हॅनिला शोधत बसू नका.

मांसाचं आधी बोलून घेऊ. इथे हा पदार्थ बैलाच्या किंवा गायीच्या पाठीच्या मांसाचा होतो. खाटकाकडे ‘रोस्टबीफ’ मागायचं, प्रत्येकी दोनशे ग्रॅमचा काप, जाडी पावणेदोन ते दोन सेंटिमीटर. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैलाचंही मांस बंद आहे, तिथे म्हशीचं अंडरकट घ्या. त्याला चरबी जवळजवळ नसते, म्हणून जास्त शिजवलं की वातड होतं, एवढं ध्यानात ठेवा. आणि ज्यांना यातलं काहीच चालत नाही त्यांनी डुकराच्या मानेचा काप घ्यावा. माझी बायको तोच घेते, आणि पुढे येणारं सफरचंद खरं तर त्यालाच जास्त शोभतं. तो मात्र आतून गुलाबी-कच्चा ठेवू नका.

दोघांसाठी सामान: मांसाचे दोन काप, मध्यम आकाराचे सहा कांदे (चार परतायला, दोन तळायला), एक आंबट सफरचंद, तीन-चार चमचे तूप, पेलाभर लाल वाइन, तेवढंच हाडांचं पाणी, चमचाभर मोहरीची पेस्ट, थोडा मैदा, मिरी, मीठ, शेवटी घालायला थंड लोण्याचा लहान गोळा. तूप मी मुद्दाम लिहिलं आहे. जर्मन लोक ज्याला ‘बुटरश्माल्त्स’ म्हणतात ते दुसरंतिसरं काही नसून तूपच. आजींच्या फडताळात तो डबा दिसला तेव्हा मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं (पुरुषाला माहेर नसतं म्हणा, पण भावना तीच). साधं लोणी इतक्या आचेवर जळून काळं होतं, तूप टिकतं.

मांस शिजवण्याआधी तासभर फ्रिजबाहेर काढून दोन्ही बाजूंनी मीठ लावा. तासभर वेळ नसेल तर मीठ थेट तव्यावर टाकायच्या क्षणी लावा. मधलं काही करू नका: मीठ लावून दहा-पंधरा मिनिटांनी मांसाला पाणी सुटलेलं असतं आणि ते परत आत मुरलेलं नसतं, ती सगळ्यात वाईट वेळ.

आता कांदा, आणि इथे घाई करणाऱ्याने उरलेलं वाचूच नये.

चार कांदे उभे चिरायचे, शेंडीपासून बुडापर्यंत, दोन-तीन मिलिमीटर जाड. आडवा चिरलेला कांदा इतक्या वेळात विरघळून गोळा होतो, उभा चिरलेला आकार धरून ठेवतो. जाड बुडाच्या पातेल्यात दीड चमचा तूप, त्यात कांदा, चिमूटभर मीठ, आणि झाकण. मध्यम आच. माझ्या काचेच्या शेगडीवर नऊपर्यंत आकडे आहेत, मी पाचवर ठेवतो. दहा मिनिटांत कांदा आपल्याच पाण्यात मऊ होतो. मग झाकण काढायचं, आकडा तीनवर आणायचा आणि दर तीन-चार मिनिटांनी हलवत राहायचं. आपल्याकडे भाजीला कांदा ‘गुलाबी होईपर्यंत’ परततात, म्हणजे सात-आठ मिनिटं. इथे गुलाबी ही फक्त पहिली खूण. त्यानंतर पिवळसर, मग मधासारखा, मग कच्च्या चिंचेच्या सालीसारखा तपकिरी. सगळं मिळून पंचेचाळीस मिनिटं, कधी पन्नास. बुडाला लागायला लागलं की दोन चमचे पाणी टाकून खरवडून घ्यायचं. ती खरवड म्हणजेच चव, ती कांद्यात परत मिसळते.

या पाऊण तासाला पळवाट शोधण्याचे माझे सगळे प्रयत्न फसलेले आहेत. साखर घातली: रंग लवकर आला, पण चव जिलेबीच्या पाकाची. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला: रंग खरंच दहा मिनिटांत आला, कारण अल्कलीत तांबूस होण्याची क्रिया वेगाने होते, पण कांद्याचं पिठलं झालं. आच वाढवली: कडा काळ्या, आत कच्चा. आजींनी ते तिसरं ताट बघितलं आणि काही न बोलता स्वतःच्या घरून कांद्याची वाटी आणून दिली. यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कांदा कुठला यानेही फरक पडतो. आपला पावसाळी लाल कांदा पाणीदार, म्हणूनच तो चाळीत टिकत नाही. तो घेतलात तर पाणी आटायलाच दहा मिनिटं जास्त धरा. उन्हाळ कांदा, जो चाळीत पाच-सहा महिने राहतो, तो या कामाला उत्तम. इथला पिवळ्या सालीचा साठवणीचा कांदा साधारण त्याच जातकुळीचा. वडील दर फोनला तिथे कांदा काय भाव म्हणून विचारतात. मी युरोत सांगतो, ते मनात रुपये करतात, आणि मग बराच वेळ फोनवर कुणी बोलत नाही.

सफरचंद का? आजी घालत नाहीत. खानावळीतही नसतं. तो माझा आगाऊपणा आहे, पण अगदी हवेतून काढलेला नाही. बर्लिनकडे कलेजीच्या कापांबरोबर कांदा आणि सफरचंद दोन्ही परतून देतात, आणि स्टुटगार्टच्या आसपासच्या टेकड्यांवर गवताळ रानात मोकळी वाढलेली सफरचंदाची जुनी झाडं आहेत. त्यांच्या फळांची ‘मोस्ट’ नावाची आंबूस दारू इथे पूर्वापार पितात. पाऊण तास परतलेला कांदा फार गोड होतो, आणि त्या गोडाला आंबटाची टाच हवी. कांदा-कैरीचा टक्कू खाऊन वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मी बोस्कोप जातीचं सफरचंद घेतो: खडबडीत सालीचं, दिसायला गरीब, चवीला चांगलंच आंबट. तुमच्याकडे हिरवं ग्रॅनी स्मिथ चालेल. गोड, रवाळ, लाल सफरचंद घेऊ नका, त्याने सगळ्याचा मुरांबा होतो.

सफरचंदाच्या जाड फोडी करा, बोटाएवढ्या. बोस्कोप पटकन विरघळतं, म्हणून ते वेगळ्या तव्यात थोड्या तुपावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं लालसर करायचं आणि कांदा पूर्ण झाल्यावरच त्यात घालायचं. आंबट कधीही सुरुवातीला नको. आंबटात कांदा मऊ व्हायला फार वेळ घेतो. डाळीत चिंच आधी टाकली की डाळ शिजत नाही, तसंच हे. वरून अर्धा चमचा व्हिनेगर किंवा असेल तर मोस्टचा शिडकावा.

जानेवारी ते मार्चमध्ये नाशिककडे असाल तर सफरचंद विसरा आणि काळी द्राक्षं घ्या. मूठभर द्राक्षं अर्धी कापून, बिया काढून, तापल्या तव्यावर मिनिटभर. साल सुरकुतली की कांद्यात. गावाहून येताना आणलेले बेदाणे वाइनमध्ये तासभर भिजवून घातले तेही छान लागतात, पण जरा गोडाकडे झुकतात, तेव्हा मिरी वाढवा.

उरलेल्या दोन कांद्यांचे पातळ गोल काप करा, कोरडे पुसा, मैद्यात घोळवून झटका आणि तेलात तळा. हा बिर्याणीवरचाच कांदा. हवा त्या रंगाच्या एक पायरी आधी बाहेर काढा, कागदावर तो आपोआप पुढे जातो. मऊ कांदा खाली, कुरकुरीत वर.

कांदा तयार होऊन बाजूला ठेवला की मगच मांसाकडे वळायचं. कापाच्या कडेला चरबीची पट्टी असते आणि तिच्याखाली एक चिवट पडदा. त्याला दर दोन-तीन सेंटिमीटरवर सुरीने चिरा द्या, नाहीतर तव्यावर तो पडदा आक्रसतो आणि कापाची वाटी होते. तळहाताने काप थोडा दाबा, ठेचू नका. कागदाने अगदी कोरडा पुसा. पाणी आहे तोवर मांसाचा वरचा थर शंभर अंशांच्या आसपास अडकतो, आणि तो भाजका रंग तर १४० च्या पुढे येतो. १९१२ साली मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या क्रियेवर लिहिलं, म्हणून तिला त्याचं नाव आहे. मिरी भरडून लावा, एका बाजूला मोहरीची पेस्ट पुसटशी, आणि मैदा भुरभुरून झटकून टाका.

तवा बिडाचा असला तर उत्तम. मी आईचा भाकरीचा बिडाचा तवा बॅगेत घालून आणला आहे. विमानतळावर त्याचं काय करायचं हे कुणालाच कळेना. तो मोठ्या आचेवर पाच मिनिटं तापवा. तूप टाका, धूर निघायला लागला की मोहरी लावलेली बाजू वर ठेवून एकच काप सोडा. एका वेळी एकच. पहिल्या वेळी मी दोन्ही एकदम टाकले, तवा गार पडला, पाणी सुटलं आणि मांस उकडून राखाडी झालं. वर धुराचा अलार्म वाजला तो वेगळाच. खिडकी आधी उघडा.

पहिल्या बाजूने दोन मिनिटं, हलवायचं नाही. उलटून दीड मिनिट. मग चिमट्याने उभा धरून चरबीची कड अर्धं मिनिट तव्याला टेकवा. टोचायचा थर्मामीटर असेल तर मधोमध ५४ अंशांना काढा, थांबल्यावर आतली उष्णता ते आणखी दोन-तीन अंश वर नेते आणि मांस आतून गुलाबी राहतं. पूर्ण शिजलेलं हवं तर दोन्हीकडून मिनिटभर जास्त. त्यात लाज नाही, आमच्याकडे निम्मे पाहुणे तसंच मागतात. काप गरम ताटलीत झाकून पाच मिनिटं ठेवा.

त्या पाच मिनिटांत रस्सा. तव्यातलं जास्तीचं तूप ओता, वाइन घाला, बुडाचं सगळं खरवडा, निम्मं होईतो उकळू द्या. मग हाडांचं पाणी, परत निम्मं. इथली लेम्बर्गर द्राक्षाची वाइन मी वापरतो, ट्रोलिंगर जरा पाणचट पडते. बिडाच्या तव्यावर आंबट वाइन फार वेळ उकळू नका, लोखंडाची चव येते. मी हा भाग लहान स्टीलच्या भांड्यात उरकतो. ताटलीत मांसाचा जो रस जमला असेल तो आत, लोण्याचा गोळा आत, आच बंद, ढवळा. मांस मात्र उकळत्या रश्श्यात परत टाकायचं नाही, एवढं एक पथ्य.

ताटात रस्सा, त्यावर मांस, त्यावर सफरचंद-कांदा, माथ्यावर तळलेला कांदा. श्पेत्सले विकतचे चालतात. आंबवलेली कोबी बाजूला घेतली तर स्टुटगार्टची माणसं तुम्हाला मान देतील, टोकदार फिल्डर कोबी याच शहराच्या दक्षिणेची. मी मुलांना श्पेत्सले देतो आणि स्वतः ज्वारीची भाकरी घेतो.

कांदा नेहमी दुप्पट करा. बरणीत फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतो, आणि सोमवारी ऑफिसच्या डब्यात चपातीला लावून गुंडाळी केली की दुसरं काही लागत नाही. मागच्या महिन्यात एक बरणी आजींकडे पोचवली, सफरचंदासकट. बरणी धुऊन परत आली. सोबत त्यांच्या ओळखीच्या कुणाच्या तरी रानातली किलोभर बोस्कोप होती.