हेल्मेट दुकानातून घ्यावं का ऑनलाइन?

हेल्मेट ऑनलाइन स्वस्त मिळतं हे खरंय, पण पहिल्यांदा घेत असाल तर दुकानातच जा, कारण चार्टवर ५८ सेंमी म्हणजे मीडियम लिहिलेलं असलं तरी प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा, त्यात कुणाचं डोकं गोल तर कुणाचं लांबट, ते फोटोवरून काय कळणार. भुवयांच्या जरा वर टेप धरून डोक्याचा घेर मोजून जा आणि हेल्मेट घालून दहा-पंधरा मिनिटं तिथेच बसा, दुकानदार वैतागला तर वैतागू दे. गालाला घट्ट वाटलं तर घाबरू नका, आतले पॅड वापरता वापरता थोडे सैल होतात, पण कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर ते नकोच. पट्टा लावून मागच्या बाजूने वर ढकलून बघा, निघून आलं तर एक साइज लहान घ्या. चष्मा असेल तर चष्म्यासकट ट्राय करा.

आयएसआय मार्क तर बघाच, आयएस ४१५१ (हा दुचाकीच्या हेल्मेटच्या मानकाचा नंबर) आणि खाली सीएम/एल नंबर, म्हणजे लायसन्स नंबर, तो बीआयएस केअर ॲपमध्ये (आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं ॲप) टाकला की लायसन्स कुणाचं आहे ते लगेच दिसतं. रस्त्याकडेच्या दीडशे-दोनशेवाल्या टोप्यांवरचा स्टिकर काय, कुणीही छापतं.

मॉडेल पक्कं झालं की ऑनलाइनचा रेट दाखवून घासाघीस करा, बरेच दुकानदार थोडेफार सोडतात. तेच मॉडेल, तीच साइज परत घ्यायची असेल किंवा नुसती काच बदलायची असेल तर मात्र ऑनलाइन बिनधास्त मागवा, फक्त रिटर्न मिळतं का ते आधी बघा.