परदेशात कार्ड चालायला पायजे असेल तर कोल्हापुरातनं निघायच्या आधी काय काय करायचं

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे पाच जण बँकॉक आणि तिथनं सिंगापूर फिरून आलो, आण्णा, आई, मी, बायको आणि पोरगं. तेव्हापासनं गल्लीतलं कोण पण बाहेर निघालं की पहिला फोन मला, "अरे पैशाचं कसं करायचं रे?" दरवेळी तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी काय बँकवाला न्हाई, उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे माझं, हे सगळं चटके बसून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट, जे करायचं ते इथं बसून करा. विमानात बसलात की तुमचं सिम, तुमची बँक आणि तुमची माणसं तिन्ही लांब पडतात, आणि तिथं अडकलात तर इथनं कोण पटकन पैसे पाठवू शकत नाही, हे खाली सांगतो कसं ते.

आता कार्ड. १ ऑक्टोबर २०२० पासनं रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की नवीन किंवा बदलून आलेलं कार्ड फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशिनवर चालू असतं, परदेशातला वापर आपण स्वतः ॲपमध्ये जाऊन चालू करायचा. हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. आणि नुसतं बटण चालू करून भागत नाही, त्याच्या खाली लिमिट असतं ते बघा. एटीएमचं वेगळं, दुकानातल्या स्वाइपचं वेगळं, ऑनलाइनचं वेगळं, टॅप करायचं वेगळं. मी हौसेनं बटण चालू केलं आणि एटीएमच्या लिमिटची पट्टी शून्यावरच राहिली.

मग काय, सुवर्णभूमी एअरपोर्टवर रात्री साडेअकराला एटीएमसमोर उभा, कार्ड टाकतोय, नकार, परत टाकतोय, परत नकार, मागं लाइन वाढत चाललेली. शेवटी एअरपोर्टच्या वायफायवर ॲप उघडलं, लिमिट वाढवायला गेलो तर ओटीपी पाठवतो म्हणतंय, आणि माझं सिम मी दहा मिनिटांपूर्वीच काढून तिथलं सिम घातलेलं! आपलं सिम पाकिटाच्या बारक्या कप्प्यात, ट्रे काढायची पिन त्या सिमवाल्या पोरीकडंच राहिलेली. बायकोनं कानातलं काढलं, त्याच्या दांडीनं मी मोबाइलचा ट्रे उघडतोय आणि आण्णा बाजूला उभे राहून म्हणतायत, "माझ्या कार्डात लाखभर हायत, ते घाल की."

आण्णांचं कार्ड इथल्या एका सहकारी बँकेचं. आपल्याकडं निम्म्या लोकांची खाती सहकारी बँकेत असतात आणि त्यातली बरीच कार्डं फक्त देशातल्या देशात चालणारी असतात. तेव्हा शाखेत जाऊन सरळ विचारा, "हे कार्ड बाहेर चालतं का, लेखी सांगा." रुपे असेल तर कोणतं रुपे ते बघा, इंटरनॅशनल असेल तर ते बाहेर डिस्कव्हर, डायनर्स वगैरे नेटवर्कवर चालतं, साधं असेल तर घरीच ठेवून जा. त्या रात्री आण्णांना हे पटलं नाही, अजून पण पटलेलं नाही.

म्हणून सिमचं असं करा, आपलं भारतातलं सिम मोबाइलमधनं काढूच नका. दुसऱ्या स्लॉटमध्ये तिथलं सिम किंवा मोबाइलला चालत असेल तर ई-सिम घ्या. आपल्या सिमवर निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, फक्त मेसेज येण्यापुरतं, आणि त्या सिमचा डेटा मात्र बंद करून टाका न्हाईतर बिल बघून डोळे पांढरे होतील. सिम काढलं की बऱ्याच बँकांची ॲप आणि यूपीआय पण लॉगआउट होतात, परत चालू करायला सिमवरनं मेसेज जावा लागतो, ते तिथं बसून करणं म्हणजे डोक्याला ताप. आणि बँकेत नंबर बायकोचा की मुलाचा की जुना बंद पडलेला, तेवढं पण बघून घ्या. आमच्या शेजारच्या काकूंच्या खात्याला मुलाचा नंबर होता आणि मुलगा पुण्यात, त्या दुबईत. प्रत्येक ओटीपीला पुण्याला फोन.

किती कार्डं न्यायची? कमीत कमी दोन, दोन वेगळ्या बँकांची, आणि जमलं तर एक व्हिसा एक मास्टरकार्ड. आणि दोन्ही एका पाकिटात ठेवायची नाहीत. एक खिशात, एक हॉटेलातल्या बॅगेत. हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी काय विसरला तरी चालेल.

आता पैसे कुठं कापले जातात ते समजून घ्या. साधं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड बाहेर वापरलं की बँक मार्कअप म्हणजे चलन बदलायची जादा फी लावते, बहुतेक कार्डांना २ ते ३.५ टक्के, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३.५ टक्केवालं कार्ड असेल तर प्रत्यक्षात ४.१३ टक्के, लाखाला ४,१३० रुपये. एवढ्यात अख्ख्या घराची तांबडा-पांढरा रस्सा ताटं होतात दोनदा. मार्कअप नसलेली किंवा कमी असलेली कार्डं पण मिळतात, वर्षातनं एकदा जाणार असाल तरी बघायला हरकत नाही.

एटीएमचं गणित अजून वाईट. तिथल्या एटीएमवाल्याची फी, वर आपल्या बँकेची फी, वर मार्कअप. थायलंडमध्ये आम्ही गेलो तेव्हा बाहेरच्या कार्डाला दर वेळी २२० बाट कापत होते, तुम्ही २,००० काढा नाहीतर २०,००० काढा. मी पहिल्या दिवशी शहाणपणा करून २,००० च काढले, म्हणजे अकरा टक्के तिथंच गेले. काढायचे तर एकदाच मोठे काढा. आणि क्रेडिट कार्डावर कॅश कधीच काढू नका, फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासनं चालू होतं, बिलाची तारीख वगैरे बघत नाही ते.

आता तो स्क्रीन, ज्याच्यावर भले भले फसतात. मशिनवर लिहून येतं, तुमच्या रुपयात भरायचे का तिथल्या पैशात? एटीएमवर तेच "विथ कन्व्हर्जन" आणि "विदाउट कन्व्हर्जन" असं येतं. रुपयाचा आकडा बघून माणसाला बरं वाटतं, आपलं ते आपलं, बोट तिकडंच जातं. दाबू नका! कायम तिथलं चलन निवडा, कन्व्हर्जन नको म्हणा. रुपये निवडले की रेट तो मशिनवाला ठरवतो, आणि तो स्वतःचं बघूनच ठरवणार, वरनं आपल्याकडच्या काही बँका असल्या रुपयातल्या व्यवहाराला पण एक टक्का लावतात, म्हणजे दोन्हीकडनं मार. एका मॉलमध्ये तर कॅशियर पोरीनं मला न विचारताच रुपये दाबून पावती पुढं केली. मी पावतीवर बोट ठेवून "नो रुपी, बाट, बाट" एवढंच म्हणालो, तिनं हसून व्यवहार रद्द केला आणि परत केला. लाजायचं नाही, सही करायच्या किंवा पिन टाकायच्या आधी आकड्याच्या पुढचं चलन वाचायचं.

पिनचं एक बारकं, तिथल्या काही मशिनवर सहा आकडी पिनची जागा दिसते, आपला चार आकडी असला तरी चार टाकून एंटर दाबा, चालतो.

फॉरेक्स कार्ड, म्हणजे इथंच परदेशी चलन आधी भरून न्यायचं कार्ड, घ्यावं का? म्हातारी माणसं किंवा पोरं बरोबर असतील तर घ्या. रेट भरतानाच ठरतो, खात्याला जोडलेलं नसतं म्हणून गेलं तरी त्यातलंच जाईल, आणि संपलं तर घरच्या माणसाला किंवा स्वतःला इथल्या खात्यातनं परत भरता येतं. बऱ्याच ठिकाणी दोन कार्डं देतात, एक राखीव, ते राखीव बायकोच्या पर्समध्ये. पण ज्या देशात जाणार त्याच देशाचं चलन भरा. डॉलर भरून बाटमध्ये खर्च केला तर परत बदलायचे पैसे कापतात, मग फायदा काय राहिला. हॉटेलात डिपॉझिट अडवून ठेवायला मात्र फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड देऊ नका, ते पैसे सुटायला कधी कधी पंधरा-वीस दिवस लागतात आणि तोवर तुम्ही स्वतःच्याच पैशाकडं बघत बसता. तिथं क्रेडिट कार्ड द्या.

कॅश. नोटा मुंबई एअरपोर्टच्या काउंटरवर घ्यायच्या नाहीत, तिथला रेट ऐकूनच घाम फुटतो. आठवडाभर आधी इथंच परवानाधारक मनी चेंजरकडनं घ्या, दोन-तीन ठिकाणी फोन करून "सगळं धरून हातात किती पडतील" असं विचारा, नुसता रेट विचारू नका, कारण वर जीएसटी असतो, कमीत कमी ४५ रुपये. पासपोर्ट, तिकीट, पॅन लागतं. रोख देऊन घ्यायचं असेल तर ५० हजारांच्या आत, त्याच्यावर खात्यातनंच द्यावे लागतात. पावती घ्या आणि जपून ठेवा. एका खेपेला माणशी ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात बहुतेक देशांना, बाकीचे कार्डात. आपले रुपये २५ हजारांपर्यंत जवळ ठेवू शकता, परत आल्यावर मुंबईतनं गाडीभाड्याला लागतातच. डॉलर नेणार असाल तर शंभराच्या कोऱ्या नोटा मागा, बँकॉकमध्ये बारक्या नोटांना रेट कमी देतात आणि पेनानं काय खरडलेलं असलं की नोट परत हातात.

यूपीआय चालतं का, हे सगळे विचारतात. सिंगापूर, यूएई, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्समध्ये काही काही ठिकाणी चालतं, पण ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय आधी चालू करावं लागतं. थायलंडमध्ये भाजीवालीकडं पण क्यूआर लावलेला दिसतो आणि आपला हात सवयीनं मोबाइलकडं जातो, तो त्यांचा प्रॉम्प्टपे आहे, त्यांचं यूपीआयच म्हणा, आपल्याला उपयोग नाही. आण्णांनी नारळपाण्याच्या गाडीवर दोनदा स्कॅन करून बघितलं.

कार्ड हरवलं तर? पहिलं ॲपमधनं लॉक करा, वायफायवर होतं. १८०० वाले टोल फ्री नंबर बाहेरनं बहुतेक लागत नाहीत, म्हणून बँकेचा +९१ वाला साधा नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, मोबाइलमध्ये नको, मोबाइल पण गेला तर? कोणी भलत्यानंच पैसे काढले असतील आणि चूक तुमची नसेल तर मेसेज आल्यापासनं तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवा, २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानं तुमच्यावर काहीच येत नाही, चौथ्या ते सातव्या दिवसात ठरावीक रकमेपर्यंत येतं, त्याच्या पुढं बँकेच्या ठरलेल्या धोरणाप्रमाणं. घरी गेल्यावर बघू म्हणून बसू नका. तक्रार नंबर लिहून घ्या.

आणि आता ते वर राहिलेलं. लोकांना वाटतं पाकीट मारलं तर कोल्हापुरातनं भाऊ वेस्टर्न युनियननं पैसे पाठवेल. नाही पाठवता येत! ती सोय आपल्याकडं फक्त बाहेरनं भारतात पैसे यायला आहे, इथनं बाहेर जायला नाही. म्हणून ते दुसरं कार्ड आणि फॉरेक्स कार्ड, जे इथनं भरता येतं.

खात्यातनं बाहेरच्या खात्यात पाठवायचे असतील, म्हणजे पोराची फी वगैरे, तर ते बँकेतनं, ए टू फॉर्म भरून, कशासाठी पाठवताय त्याचा कोड लिहून. एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासनं वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पाठवतानाच आगाऊ कापतात तो कर, नाही, वर गेला तर कापतात, पण तो रिटर्न भरताना वळता होतो, बुडत नाही. टूर कंपनीचं पॅकेज असेल तर मात्र पहिल्या रुपयापासनं कापतात. आमचा भाचा जर्मनीला शिकायला आहे, त्याची फी पाठवली तेव्हा "चार्जेस कोणी भरायचे" हा रकाना आम्ही बघितलाच नाही, मधल्या बँकेनं स्वतःचे काढून घेतले आणि कॉलेजला वीस युरो कमी पोचले, त्यांनी फी अपुरी म्हणून मेल केला. वीस युरोसाठी परत सगळे सोपस्कार, परत हजारभर रुपये चार्ज. फी असेल तर सगळे चार्जेस पाठवणाऱ्यानं भरायचे हा पर्याय घ्या, त्याला 'अवर' म्हणतात.

परत आल्यावर त्याच दिवशी परदेशातला वापर बंद करा, महिनाभर स्टेटमेंट बघत राहा, हॉटेलचं डिपॉझिट सुटलं का ते पण. उरलेल्या नोटा १८० दिवसांत परत बदलायच्या, २,००० डॉलरपर्यंत घरात ठेवल्या तरी चालतात पुढच्या खेपेला. नाणी मात्र कोणी मनी चेंजर घेत नाही, मी एवढी ओंजळभर घेऊन गेलो होतो तर त्यानं हसून परत दिली. आम्ही सिंगापूरच्या चांगी एअरपोर्टवर शेवटी थोडी मोजून एक कॉफी घेतली पाच जणांत, तरी बारकी बारकी राहिलीच, ती आता आईच्या देव्हाऱ्यातल्या तांब्यात आहेत.